पहिली डिस्क

कामरगावात बस स्टँडच्या रस्त्याला चंपालाल शेटजींचं कापडाचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत उत्कर्षचा कम्प्युटरचा क्लास होता. आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं-पोरी तिथं यायची ती त्याच्या धड्यांसाठी. छापील पुस्तकातली भाषा या लेकरांच्या डोक्यावरून जाते हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मग त्यानं स्वतःच धडे लिहायला घेतले, घरात बोलतात तशा बोलीत. फोल्डर सांगायचं तर त्यात घरातली उतरंड यायची, एका गाडग्यावर दुसरं गाडगं. व्हायरस म्हटलं की तुरीवरची अळी. दरवर्षी तो त्यात भर घालायचा, चुकलेलं खोडायचा, पोरांनी विचारलेले प्रश्न नावानिशी लिहून ठेवायचा. ते छापावेत असं कोणी म्हटलं की तो म्हणायचा, अजून झाले नाहीत.

डोळ्यांचं त्यानं सुरुवातीला मनावर घेतलं नाही. दिवसभर स्क्रीनसमोर बसतो, दुखणारच. मग दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागली, जिना उतरताना पायरी चुकायला लागली. अकोल्याला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी धरून ठेवू. उरलेलीही धरता आली नाही. दिवाळीपर्यंत खिडकी कुठे आहे एवढंच त्याला उजेडावरून कळत होतं. पुढे तेही गेलं.

क्लास बंद झाला. मशीनं विकली. विकण्याआधी प्रत्येक मशीनमधले धडे पुसून टाकायला त्यानंच सांगितलं होतं. आपलं लिहिलेलं भलत्याच्या घरी जाऊ नये असं त्याला वाटे. एक मशीन तेवढं त्यानं घरी आणलं, ज्यात सगळे धडे होते. पेनड्राइव्हवर एक नक्कल होती, ती कधी खराब झाली ते कळलंच नाही.

घरी आई धनीबाई आणि बायको रुचिका. गावाबाहेर ओढ्याकाठी त्यांचा भाजीचा मळा होता. पूर्वी तो गडी लावून व्हायचा, आता रुचिका स्वतः करत होती. पहाटे मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी काढायची, काळीपिवळी जीपमध्ये टाकून कारंज्याच्या बाजारात न्यायची, दुपारी परत यायची. उत्कर्ष ओसरीवर बसलेला असे. त्याच्याशी काय बोलावं हे घरात कोणालाच सुचत नव्हतं, आणि तोही फारसा बोलत नव्हता.

म्हणून एक दिवस तो आपणहून बोलायला लागला तेव्हा रुचिकाला बरं वाटलं. आंधळ्या माणसाला स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज कम्प्युटरमध्ये असतो, हे त्याला आधीपासून माहीत होतं. आता त्याच्या डोक्यात पूर्ण बेत तयार होता. जुनी सिस्टम मोडकळीला आली आहे, सुरू व्हायलाच अर्धी सकाळ घेते, आणि नवी त्या मशीनला पेलणार नाही. ती काढून लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टम टाकायची. त्यात तो आवाज आयताच असतो, मराठी वाचणारासुद्धा. मग एका कानात इअरफोन लावून धडे ऐकायचे आणि तेच पोरांना शिकवायचे. बोटांना कीबोर्ड पाठ आहे. डोळे कशाला पाहिजेत?

लिनक्स तो पोरांना शेवटच्या धड्यात शिकवायचा. त्या दिवशी तो नेहमी एकच वाक्य म्हणायचा, "हे कोणाच्या बापाचं नाई, आपल्या सगळ्यायचं हाय." पोरं हसायची.

त्यानं चंपालाल शेटजींना निरोप पाठवला. शेटजी स्वतः घरी आले. खोली अजून रिकामीच होती. नातू अर्हमला तिथं मोबाइलचं दुकान टाकायचं होतं, पण शेटजी म्हणाले, तुमी पुन्हा क्लास सुरू करत असाल तर मी त्याला थांबवतो, पोळ्यापर्यंत पाहू. उत्कर्षनं त्यांचा हात शोधून धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

प्रसेनजित हा त्याचा जुना विद्यार्थी, आता वाशीमला कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होता. त्यानं लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून पाठवला आणि निरोप दिला की रविवारी मीच येतो, मग टाकू. उत्कर्ष थांबायला तयार नव्हता. शेकडो मशीनवर टाकलेली गोष्ट, तिच्यासाठी विद्यार्थ्याची वाट कशाला पाहायची? रुचिका स्क्रीन वाचेल, आपण सांगू.

दुपारी रुचिका कारंज्याहून आली, हातपाय धुतले आणि मशीनसमोर बसली. लाइट होती. उत्कर्ष तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. आज त्यानं दाढी केली होती, हनुवटीखाली थोडी राहिली होती.

सुरुवातीलाच आवाज सुरू करायची एक युक्ती असते, म्हणजे पुढचं सगळं मशीन स्वतःच वाचून दाखवतं. त्यानं स्वतःच त्या कळा दाबल्या. काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा दाबल्या. स्पीकरची पिन पुढच्या भोकात नीट बसली आहे का ते त्यानं तिला पाहायला सांगितलं. बसली होती. त्याचा चेहरा जरा पडला, मग म्हणाला, जाऊ दे, टाकून झाल्यावर पाहू, तू वाच.

भाषांच्या यादीत मराठी होतं. रुचिकाला ते दिसलं आणि तिला धीर आला. ती बारावीपर्यंत मराठीतच शिकली होती. पण उत्कर्ष नको म्हणाला. यांनी मराठीत कोणत्या शब्दाला काय केलं असेल ते मला माहीत नाही, इंग्रजी मला तोंडपाठ आहे, इंग्रजीच घे. मग ती एकेक शब्द जोडून वाचू लागली. अडली की अक्षरं सांगायची. तो ओळ पूर्ण व्हायच्या आत ओळखायचा आणि काय दाबायचं ते सांगायचा. कीबोर्ड कोणता, वेळ कोणती, नाव काय. कितीतरी महिन्यांनी त्याचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता. धनीबाई दारात उभी राहून पाहत होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती.

मग डिस्कचं पान आलं. त्या मशीनमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर जुनी सिस्टम होती, ती पुसून तिथं लिनक्स घालायचं होतं. दुसरी त्यानं नंतर बसवलेली, तिच्यावर फक्त धडे.

"कोणती पुसू म्हणून विचारून राह्यलं," रुचिका म्हणाली. "दोनी सारख्याच दिसतात. आकडाबी सारखाच हाय."

"पह्यली. सिस्टम पह्यलीवर हाय."

"नक्की ना? नाईतर एक काढून ठेवू का तोपर्यंत? तुमीच म्हणत असता, भरोसा नसला तर तार काढा."

तो चिडला नाही, पण त्याचा आवाज बदलला. "रुचिका, मले दिसत नाई. माहीत नाई असं नाई."

तिनं पहिली निवडली. मशीननं पुन्हा एकदा विचारलं, तिनं ते वाचून दाखवलं, त्यानं होय म्हणायला सांगितलं. स्क्रीनवर एक पट्टी हळूहळू भरत गेली. तेवढ्या वेळात धनीबाईनं चहा आणला. उत्कर्ष सांगत होता की सुरुवातीला चार-पाचच पोरं घेऊ, एखादी मोठी पोरगी मदतीला ठेवू, स्क्रीनवर काय चाललंय ते ती पाहील.

मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. आता स्पीकरची पिन मागच्या भोकात लावून पाहा, असं त्यानं सांगितलं. रुचिकानं मेजाखाली वाकून ती लावली. त्यानं कळा दाबल्या, आणि खोलीत एक कोरडा, नाकातून बोलल्यासारखा आवाज आला. मशीन बोलत होतं. त्यानं एक कळ दाबली की ते अक्षर बोलायचं, बाण दाबला की पुढची ओळ. तो नुसताच इकडून तिकडे फिरत राहिला, आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं तेही त्याच्या लक्षात नव्हतं. धनीबाई देवापाशी जाऊन दिवा लावून आली.

"थांब, काही सांगू नको," तो रुचिकाला म्हणाला. "आता मीच जातो धड्यायपर्यंत."

तो दुसरी डिस्क शोधत गेला. आवाज एकेक नाव बोलत होता. रुचिकाला त्या नावांतलं काही कळत नव्हतं, पण त्याची बोटं हळू होत गेली ते तिला दिसलं. तो वर गेला, पुन्हा खाली आला. आवाजानं तीच नावं पुन्हा वाचली. ती जुन्या सिस्टमची नावं होती. पुसली जायला हवी होती ती डिस्क जशीच्या तशी तिथं होती, आणि धडे कुठेच नव्हते.

"तू कोणती निवडली?"

"पह्यली. तुमी सांगतली तीच."

"पह्यलीवर सिस्टम होती. सिस्टम तर इथंच हाय. तुया हातून बाण खाली गेला."

"नाई गेला. मी पाहून दाबलं."

"मग मशीन खोटं बोलून राह्यलं का?"

तिनं पहिलीच निवडली होती, हे तिला तिच्या बोटांइतकं पक्कं ठाऊक होतं, आणि धडे गेले होते हेही समोर होतं. या दोन गोष्टी एकत्र कशा खऱ्या असतील ते तिला समजेना. तो उठला, भिंतीला हात लावत बाहेर गेला आणि ओसरीवर बसला. त्या रात्री तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात सगळं रुचिकाच्या नावावर झालं. धनीबाई वाईट बाई नव्हती. तिनं सुनेला शिवी दिली नाही की टोमणा मारला नाही. पण शेजारणी विचारायच्या तेव्हा ती सांगायची, सुनेच्या हातून पुसलं गेलं, तिला तरी काय समजते त्यातलं. शेटजींच्या दुकानापर्यंत ही गोष्ट गेली. काळीपिवळीत बायका रुचिकाकडे पाहून गप्प व्हायच्या. उत्कर्ष तिच्याशी कामापुरतं बोलायचा, आणि ते बोलणं इतकं सभ्य असायचं की तिला वाटायचं, यापेक्षा ओरडला असता तर बरं होतं.

ठरल्याप्रमाणे रविवारी प्रसेनजित आला. सरांसमोर तो उभाच राहिला, बस म्हटल्यावर बसला. झालेलं ऐकून त्यानं लगेच मशीनला हात घातला. पुसलेलं कधीकधी परत मिळतं, तसं एक सॉफ्टवेअर त्यानं सोबत आणलं होतं. पण आधी डिस्क काढायची म्हणून त्यानं डब्याचं झाकण उघडलं आणि वाकून आत पाहिलं.

रुचिका त्याच्या मागेच उभी होती. त्यानं एका तारेवर बोट ठेवलं आणि ती कुठून कुठे गेली आहे ते तो पाहत गेला. मग दुसरी तार. मशीन ज्या जागेला पहिली समजतं, तिथं धड्यांची डिस्क जोडलेली होती. सिस्टमची डिस्क दुसऱ्या जागेवर होती. तारा आलटून-पालटून लागल्या होत्या. रुचिकाला क्षणात आठवलं. या उन्हाळ्यात, काही दिसत नसतानाही, उत्कर्षनं हट्टानं हे मशीन स्वतः उघडून साफ केलं होतं. मदत करू का, असं तिनं विचारलं होतं आणि त्यानं नको म्हटलं होतं.

"सर, या तारा..." प्रसेनजित म्हणाला आणि त्यानं वर पाहिलं.

रुचिकानं मान हलवली. नको. प्रसेनजितला कळेना. तिनं पुन्हा हलवली. या माणसाचं सगळं गेलं होतं, एक तेवढं राहिलं होतं की त्याला जे माहीत आहे ते बरोबर माहीत आहे. ते आपल्या तोंडानं काढून घ्यायचं तिच्यानं होणार नव्हतं.

"काय झालं तारायले?" उत्कर्षनं विचारलं.

"काही नाई सर. धूळ बसली हाय."

सॉफ्टवेअर चालू करून प्रसेनजित संध्याकाळपर्यंत बसला. परत मिळाले ते तुकडे. नाव नसलेल्या फाइली, कुठे अर्धं वाक्य, कुठे नुसती चौकोनांची रांग. त्यानं त्यातल्या काही उघडून मोठ्यानं वाचल्या. एका ठिकाणी "अळी पानाच्या खालून खाते म्हणून आपल्याले" एवढंच होतं. उत्कर्षनं आणखी दोन-तीन ऐकल्या आणि म्हणाला, राहू दे. निघताना प्रसेनजित सरांच्या पाया पडला आणि रुचिकाकडे न पाहता गाडीवर बसला.

तो गेला तेव्हा तारा होत्या तशाच होत्या, डब्याचं झाकणही लावायचं राहिलं होतं. रुचिका मळ्यात गेली. परत आली तेव्हा उत्कर्ष जमिनीवर बसला होता, मशीन मांडीशी घेऊन, आणि त्याचे दोन्ही हात आत होते. धूळ म्हणताना प्रसेनजितचा आवाज कसा झाला होता, ते त्यानं ऐकलं होतं. खालच्या खणातली डिस्क त्यानं बोटांनी ओळखली, तीच नंतर बसवलेली. तिच्यातून निघालेली तार चिमटीत धरून तो तिच्या टोकापर्यंत गेला. मग परत आला आणि पुन्हा गेला.

"तू पह्यलीच निवडली होती," तो म्हणाला.

"हो."

"तुले कवा समजलं?"

"सकाळी. प्रसेनजितसंगच."

"मग बोलली काहून नाई?"

तिला वाटलं होतं की कधीतरी हे त्याला कळलं तर तो तिचा हात धरेल, निदान आपल्या दोघांतलं तरी ओझं उतरेल. त्यानं हात तारेवरून काढले आणि मांडीवर ठेवले. तो इतका शांत झाला की तिला भीती वाटली. आतापर्यंत तो तिच्यावर रागावला होता, आणि त्या रागानं तो ताठ बसत होता, वेळेवर उठत होता, कोणी आलं तर उत्तर देत होता. आता तेही राहिलं नव्हतं.

रात्री जेवताना त्यानं आईला सगळं सांगितलं. माझ्याच हातून तारा बदलल्या, मीच पहिली म्हणालो, रुचिकाची काही चूक नाही. धनीबाई ऐकत होती. मग तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू चांगला हायेस बापा. बायकोले सांभाळून घेतोस."

त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा मान डोलावली. शेजारणींनाही तिनं दुसऱ्या दिवशी हेच सांगितलं, कौतुकानं: पोरानं सगळं स्वतःवर घेतलं. गावात उत्कर्षबद्दल लोक आणखी चांगलं बोलू लागले आणि रुचिकाबद्दल होतं तसंच राहिलं.

पोळा झाला. चंपालाल शेटजी पुन्हा घरी आले, खाली मान घालून बसले, इकडचं तिकडचं बोलले. उत्कर्षनंच त्यांना सोडवलं. अर्हमला दुकान टाकू द्या, म्हणाला. शेटजी उठताना म्हणाले, कधीही लागली तर खोली तुमचीच आहे. ते मनापासून म्हणाले, आणि ते होणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

रुचिकानं एकदा शेवटचा प्रयत्न केला. कारंज्याहून लवकर आली, मशीन सुरू केलं आणि त्याला बोलावून आणलं. म्हणाली, तुमी सांगा, मी लिहिते, पह्यल्यापासून. मराठी टाइप करायला ती एव्हाना थोडंफार शिकली होती. तो बसला. त्यानं दोन वाक्यं सांगितली. ती तिनं एकेक अक्षर शोधून लिहिली. त्यानं कळ दाबून ती मशीनकडून वाचून घेतली. तो कोरडा आवाज अडखळत वाचत गेला. "लेकरायले" या शब्दाला अडला आणि त्याचं भलतंच काही करून पुढे गेला.

"ते असं सुरू होत नव्हतं," उत्कर्ष म्हणाला.

"मग कसं होत होतं?"

"मले आठवत नाई. मी ते पाहून शिकवत होतो. पाठ कधी केलंच नाई."

"येईल आठवत. आज नाई तर उद्या."

त्यानं मान हलवली. तिनं विचारलं, ही दोन वाक्यं जपून ठेवू का? तो नको म्हणाला. त्यानं शिकवलं होतं तसं तिनं मशीन बंद केलं आणि त्यावर जुनं लुगडं टाकलं.

ती बाहेर येऊन उद्याची मेथी निवडायला बसली. काही वेळानं तोही भिंतीला धरत आला आणि तिच्या समोर खाली बसला. काही करू दे, म्हणाला. तिनं त्याच्या हातात मेथी दिली आणि जुडी कशी बांधतात ते एकदा त्याची बोटं धरून दाखवलं, देठ एका बाजूला, वाखाची दोरी दोनदा फिरवून गाठ. तो अंधार पडेपर्यंत बांधत बसला.

पहाटे टोपली उचलून ती स्टँडवर आली. गाडी अजून भरली नव्हती. पिंपळाखाली तिनं टोपली उतरवली आणि त्यानं बांधलेल्या जुड्या बाहेर काढल्या. देठ वर-खाली गेले होते, पानं आत अडकून मोडली होती, काही गाठी उचलताच सुटत होत्या. एक बाई शेजारी येऊन उभी राहिली, तिनं काय करते म्हणून विचारलं. वाख सैल झाला, रुचिका म्हणाली, आणि गाडीवाल्यानं हाक मारेपर्यंत एकेक जुडी सोडून पुन्हा बांधत राहिली.